वर्तन न बदलणाऱ्या बदलाची तपासणी

कर्नलमधल्या मेमरी व्यवस्थापनाच्या कोडची पुनर्रचना करणारा पॅच एकच दावा घेऊन येतो : कोडची मांडणी बदलली आहे, वागणूक बदललेली नाही. नवी सोय आणणाऱ्या पॅचचा रिव्ह्यू करताना ती सोय चालते की नाही हे पाहता येते. चूक दुरुस्त करणाऱ्या पॅचसोबत अनेकदा ती चूक घडवून दाखवणारा छोटा प्रोग्रॅम असतो; पॅच लावण्याआधी आणि नंतर तो चालवला की निकाल समोर येतो. रिफॅक्टरिंगच्या पॅचपाशी असे दाखवण्याजोगे काही नसते. सगळे नीट जमले तर वापरणाऱ्याला काहीच वेगळे दिसत नाही. त्यामुळे रिव्ह्यूअरला जे तपासायचे असते ते पॅचच्या ओळींत बहुतेक नसतेच. ते न बदललेल्या ओळींत असते, बदललेले फंक्शन बोलावणाऱ्या दूरच्या फाइलींत असते आणि कोणीच कधी लिहून न ठेवलेल्या गृहीतकांत असते.

लिनक्सच्या सोर्समध्ये ‘एमएम’ नावाची डिरेक्टरी आहे. लाखाहून अधिक ओळींचा हा कोड रॅममधल्या प्रत्येक पेजचा हिशेब ठेवतो : कोणते पेज कोणत्या प्रोसेसकडे आहे, डिस्कवरच्या कोणत्या फाइलचा कोणता तुकडा सध्या रॅममध्ये आहे, रॅम अपुरी पडली तर आधी कोणाला बाहेर काढायचे. अँड्रॉइड फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत हाच कोड चालतो आणि एकाच वेळी अनेक सीपीयूंवर चालतो. इथली चूक जिथे झाली तिथे क्वचितच उघडी पडते. एखाद्या पेजचा रेफरन्स काउंट एकाने कमी भरला, तर कोणीतरी वापरत असतानाच ते पेज मोकळे होते, दुसऱ्याला दिले जाते आणि बऱ्याच वेळाने भलत्याच ड्रायव्हरमध्ये यंत्र कोसळते. कोसळलेल्या ड्रायव्हरचा त्यात काडीचाही दोष नसतो. ज्यांनी असे क्रॅश डंप उलगडत रात्री काढल्या आहेत, ते या डिरेक्टरीतला दोन ओळींचा बदलही सावकाश वाचतात.

चालते आहे त्याला हात का लावायचा, हा प्रश्न रास्त आहे आणि रिव्ह्यू तिथूनच सुरू व्हायला हवा. कोड वाचायला सोपा होईल, एवढे कारण मेमरीच्या कोडमध्ये पुरेसे मानले जात नाही. वर्षानुवर्षे एमएमचे पॅच गोळा करणारे अँड्र्यू मॉर्टन पाठवणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारतात, की याचा वापरणाऱ्यावर काय परिणाम होणार. रिफॅक्टरिंगच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ‘आज काहीच नाही’ असे असते. मग उद्या काय शक्य होईल, ते पॅचमालिकेच्या प्रस्तावनेत पटवून द्यावे लागते. प्रस्तावना मोघम असेल तर पुढचे वीस पॅच वाचण्यात अर्थ नसतो. ती नीट वाचली, तर लेखक कशाला घाबरतो आहे आणि कशाकडे त्याचे लक्षच गेलेले नाही, हेही तिच्यातून कळते.

कारण सबळ असले तर किती मोठी पुनर्रचना पार पडू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे फोलिओ. साधारण ६४ बिटच्या यंत्रात ४ किलोबाइटच्या प्रत्येक पेजसाठी ‘स्ट्रक्ट पेज’ नावाची ६४ बाइटची नोंद असते. १६ गिगाबाइट रॅममध्ये अशी जवळपास ४२ लाख पेज होतात आणि नुसत्या नोंदींतच २५६ मेगाबाइट जातात. लागोपाठची पेज जोडून मोठे पेज करता येते. २ मेगाबाइटच्या मोठ्या पेजमध्ये ५१२ लहान पेज येतात. त्यातले पहिले ते हेड, उरलेली ५११ टेल. रेफरन्स काउंट, लॉक आणि बहुतेक फ्लॅग हेडपाशी असतात. टेलच्या नोंदीत हेडचा पत्ता असतो, आणि ही नोंद टेलची आहे हे कळावे म्हणून त्या पत्त्याचा सर्वांत खालचा बिट १ ठेवलेला असतो.

अडचण अशी होती, की फंक्शनच्या हाती ‘स्ट्रक्ट पेज’चा पॉइंटर आला तर तो हेडचा आहे की टेलचा, हे टाइपवरून कळायला मार्ग नव्हता. म्हणून रेफरन्स घेणाऱ्या-सोडणाऱ्या साध्या फंक्शनांतसुद्धा दर वेळी ‘कंपाउंड_हेड’ बोलावून खात्री करून घेतली जाई. एकाच कामात तीच खात्री चार-पाच वेळा होई. जिथे ती करायची राहिली, तिथे चूक दडून बसे. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी २०२० च्या अखेरीस यावर नवा टाइप सुचवला : फोलिओ म्हणजे जे पेज कधीच टेल नसते असे पेज. आरंभी तर मेमरीत नोंद तीच, जागा तीच. बदलले ते फक्त कंपायलरला दिलेले वचन. ही पॅचमालिका कर्नलच्या ५.१५ आवृत्तीसाठी पुढे आली तेव्हा नाव काय असावे आणि फाइलींशी संबंध नसलेल्या मेमरीलाही हाच टाइप लावावा का, यावर मोठी चर्चा झाली आणि त्या फेरीत ती घेतली गेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ मध्ये ती होती. त्यानंतर एकेक फाइल सिस्टीम, एकेक फंक्शन असे रूपांतर वर्षानुवर्षे चालत राहिले. मोठे फोलिओ वापरण्याची सोय एक्सएफएस या फाइल सिस्टीमला ५.१८ मध्ये मिळाली.

या रूपांतराचा एखादा पॅच उघडला तर तो कंटाळवाणा वाटतो. ‘पेज’च्या जागी ‘फोलिओ’, ‘पुट_पेज’च्या जागी ‘फोलिओ_पुट’, ‘लॉक_पेज’च्या जागी ‘फोलिओ_लॉक’. अशा ओळी शेकड्यांनी वाचल्या की डोळा सरावतो, आणि सरावलेल्या डोळ्याला वेगळी ओळही तशीच दिसू लागते. म्हणून अनुभवी रिव्ह्यूअर एका बैठकीत मालिका संपवत नाहीत. नावे बदललेल्या ओळी ते भराभर ओलांडतात आणि जिथे आकडेमोड आहे तिथे थांबतात.

फाइलमध्ये हा फोलिओ कितव्या बाइटपासून सुरू होतो, हे काढण्याची ओळ घ्या. फोलिओच्या नोंदीत ‘इंडेक्स’ असतो, म्हणजे फाइलमधले कितवे पेज. ४ किलोबाइटच्या हिशेबाने त्याला बारा बिट डावीकडे सरकवले की बाइटमधली जागा मिळते. ओळ सरळ आहे आणि ६४ बिटच्या यंत्रावर अचूक चालते. ३२ बिटच्या यंत्रावर मात्र इंडेक्स ३२ बिटचाच असतो. आधी सरकवला आणि मग मोठ्या टाइपमध्ये ठेवला, तर वरचे बारा बिट गळून जातात. फाइलमध्ये ४ गिगाबाइटच्या पलीकडचा तुकडा लिहायचा असेल तर तो फाइलच्या सुरुवातीच्या भागावर जाऊन पडतो. कंपायलर तक्रार करत नाही, लहान फाइलींच्या चाचण्या पास होतात. ‘फोलिओ_पॉस’ या मदतनीस फंक्शनमध्ये आधी टाइप मोठा करून मग गुणाकार केलेला आहे, म्हणून पॅचमध्ये हाताने सरकवलेला इंडेक्स दिसला की ते फंक्शन का वापरले नाही, असे विचारायचे असते. उत्तरादाखल बहुधा दुरुस्त पॅचच येतो.

असाच दुसरा थांबा मेमरी पुसण्याच्या किंवा कॉपी करण्याच्या ओळींवर घ्यावा लागतो. ६४ बिटच्या कर्नलमध्ये सारी रॅम कर्नलच्या पत्त्यांत कायम मांडलेली असते, त्यामुळे सोळा पेजच्या फोलिओचा पहिला पत्ता घेऊन सलग ६४ किलोबाइट पुसले तरी चालते. ३२ बिटच्या यंत्रावर वरची रॅम, म्हणजे हायमेम, अशी मांडलेली नसते. एका वेळी एकच पेज तात्पुरते मांडून घ्यायचे असते. पहिल्या पेजचा पत्ता मिळाला म्हणून दुसरे त्याला लागून असेलच असे नाही. पॅच लिहिणाऱ्याच्या आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या, दोघांच्याही टेबलावर ६४ बिटचेच यंत्र असते. समोर नसलेल्या यंत्राची बाजू मांडणे हा या कामाचा मोठा भाग आहे. त्याची आठवण करून देणाऱ्या रिव्ह्यूअरला कधीकधी अडवणूक करणारा समजले जाते. ते रास्त नाही. जुन्या राउटरमधून किंवा कारखान्यातल्या नियंत्रक यंत्रातून तक्रार करायला कोणी इथवर येत नाही.

आकडेमोडीपेक्षा अवघड असतो तो क्रम. रिफॅक्टरिंगमध्ये दोन-तीन फंक्शनांतला समान भाग उचलून एक सामाईक फंक्शन करणे नेहमीचे आहे. तसे करताना एखादी तपासणी लॉकच्या आतून बाहेर सरकते. पेज कॅशमधले, म्हणजे रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या तुकड्यांमधले, उदाहरण पाहा. एखाद्या फाइलचा तुकडा शोधला, फोलिओ सापडला, त्याचा रेफरन्स घेतला, मग लॉकसाठी थांबावे लागले. थांबलेले असताना दुसऱ्या प्रोसेसने ती फाइल कापून लहान केली. फोलिओ पेज कॅशमधून निघाला. आपल्याकडे रेफरन्स असल्यामुळे तो मोकळा झाला नाही, पण आता तो त्या फाइलचा राहिला नाही. म्हणून लॉक मिळाल्यावर ‘हा फोलिओ अजून याच फाइलच्या मॅपिंगमध्ये आहे ना’ हे पुन्हा पाहायचे आणि नसेल तर लॉक आणि रेफरन्स सोडून शोध पहिल्यापासून करायचा, असा नियम आहे.

आता कोणी पुनर्रचना करताना पाहतो, की शोधल्यावर लगेच एक तपासणी आहे आणि लॉक घेतल्यावर तशीच दुसरी. दोन्ही एकाच ठिकाणी आणल्या तर सहा ओळी वाचतात. पॅचमध्ये हे नीटनेटके दिसते आणि चाचणीत काही बिघडत नाही, कारण तेवढ्या अवधीत नेमकी तीच फाइल कापली जाणे दुर्मीळ असते. कोट्यवधी यंत्रांवर मात्र ते कुठे ना कुठे रोज घडणार असते. लॉकच्या आधीची तपासणी वेळ वाचवण्यासाठी आहे, नंतरची खरी आहे. दिसायला सारख्या असल्या तरी दोघींचे काम वेगळे. अशा जागी रिव्ह्यूअरने फक्त ‘हे चूक आहे’ म्हणून थांबू नये. दोन सीपीयूंवर कोणती पायरी कोणत्या पायरीनंतर पडली तर काय होईल, हे दोन रकान्यांत लिहून दाखवावे. ते लिहिताना निम्म्या वेळी आपलीच शंका चुकीची होती असे लक्षात येते. उरलेल्या निम्म्या वेळी लेखकाला दुसरे काही समजावून सांगावे लागत नाही.

लॉक सोडणे आणि रेफरन्स सोडणे यांच्या क्रमाचेही असेच आहे. आधी रेफरन्स सोडला आणि तो शेवटचा असेल, तर नंतर सोडलेले लॉक मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहिते. तरीही काही ठिकाणी उलटा क्रम वर्षानुवर्षे सुखरूप चाललेला आढळतो, कारण फोलिओ पेज कॅशमध्ये असेपर्यंत कॅशचा स्वतःचा रेफरन्स असतो आणि आपल्याकडे लॉक असताना त्याला तिथून कोणी काढू शकत नाही. म्हणजे कोड बरोबर आहे, पण ज्या कारणाने बरोबर आहे ते दुसऱ्या फाइलमध्ये आहे. पुनर्रचनेत हीच ओळ पेज कॅशबाहेरच्या फोलिओंसाठी वापरल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये गेली की आधार सुटतो. कोणता लॉक कोणाच्या आत घ्यायचा याची उतरंड एमएममधल्या ‘फाइलमॅप’ आणि ‘आरमॅप’ या फाइलींच्या सुरुवातीला टिपणात लिहून ठेवलेली आहे आणि ती शेजारी उघडी ठेवूनच असे पॅच वाचावेत. पण रेफरन्सचा आधार कोणाचा, हे अशा एका ठिकाणी लिहिलेले सापडत नाही. ते दर वेळी शोधावे लागते.

न लिहिलेला आधार सुटला तर काय होते, याचे सार्वजनिक नोंदीतले उदाहरण २०२३ मधले आहे. प्रोसेसच्या पत्त्यांचा नकाशा, म्हणजे कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत काय आहे ही माहिती, लिनक्स फार वर्षे रेड-ब्लॅक ट्री आणि त्याला जोडलेल्या साखळी-यादीत ठेवत असे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ मध्ये त्या जागी मेपल ट्री आले. हेतू उत्तम होता : सीपीयूच्या कॅशला सोयीची मोठी नोड, आणि पुढे लॉक न घेता वाचन करण्याची वाट मोकळी. मोठ्या काळजीने, अनेक आवृत्त्यांतून केलेले हे काम होते.

जुन्या रचनेत एक जुनी सवय होती. स्टॅक खालच्या दिशेने वाढवायचा तर त्या भागाचा सुरुवातीचा पत्ता बदलायचा, आणि तेवढ्यासाठी पूर्ण नकाशाचे लेखन-लॉक न घेता वाचन-लॉक आणि एक-दोन लहान लॉक यांवर भागवायचे. रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ते चालत होते, कारण सुरुवातीचा पत्ता बदलला तरी ट्रीचा आकार जसाच्या तसा राहत होता. नोड तीच, फक्त तिच्यातला आकडा वेगळा. मेपल ट्रीमध्ये हे पत्ते ट्रीच्या नोडमध्येच असतात. भाग वाढला की काही वेळा जुनी नोड काढून नवी बसवावी लागते आणि जुनी काही काळाने मोकळी होते. त्याच वेळी वाचन-लॉक घेऊन आत आलेला दुसरा थ्रेड जुनीच नोड धरून बसलेला असू शकतो. त्याच्या समजुतीनुसार वाचन-लॉक असेपर्यंत नकाशा बदलणार नव्हता. अशा रीतीने मोकळ्या मेमरीचा वापर घडत होता आणि त्यातून सामान्य वापरकर्त्याला कर्नलवर ताबा मिळवता येत होता. ही उणीव ‘स्टॅकरॉट’ नावाने ओळखली गेली. तिचा सीव्हीई क्रमांक २०२३-३२६९. जून २०२३ मध्ये ती कळवली गेली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतः लक्ष घालून स्टॅक वाढवण्याचे काम लेखन-लॉकखाली आणले आणि तो बदल ६.१, ६.३ आणि ६.४ या तेव्हा चालू असलेल्या शाखांतही गेला.

रिव्ह्यूअरच्या दृष्टीने या घटनेतली महत्त्वाची गोष्ट अशी, की धोकादायक ओळ नवी नव्हती. स्टॅक वाढवताना वाचन-लॉकवर भागवण्याची पद्धत फार आधीपासून तशीच होती. तिच्या पायाखालची रचना बदलली, आणि तिथे पूर्वी ‘आकडा बदलणे’ होते ते आता ‘रचना बदलणे’ झाले. फक्त पॅचमधल्या अधिक-उणे ओळी वाचून हे सापडणे फार कठीण आहे. ते सापडण्याची एकच वाट दिसते : जुन्या रचनेकडून कोणकोण काय अपेक्षा ठेवत होते, त्याची यादी रिव्ह्यूच्या आधी करणे. एखाद्या फंक्शनला शंभर ठिकाणांहून बोलावले जात असेल तर ती शंभरही ठिकाणे उघडायची आणि कोणते लॉक हातात आहे, झोपायची मुभा आहे की नाही, मिळालेला पॉइंटर किती वेळ जपला जातो, एवढे प्रत्येकापुढे टिपायचे. हे काम नीरस असते. तरी मेमरीच्या कोडचा खरा रिव्ह्यू बऱ्याच अंशी इथेच होतो, पॅच वाचण्यात त्यामानाने थोडा.

झोपण्याच्या मुभेचा मुद्दा मेमरी मागण्याच्या फ्लॅगांशी जोडलेला आहे. ‘जीएफपी_कर्नल’ असा फ्लॅग देऊन मेमरी मागितली तर ती मिळेपर्यंत कर्नल थांबू शकतो, इतरांची पेज बाहेर काढू शकतो. स्पिनलॉक धरलेला असताना हे चालत नाही. फाइल सिस्टीमच्या कोडमधून तिचे लॉक धरून मागताना ‘जीएफपी_नोएफएस’ लागतो, नाहीतर मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल त्याच फाइल सिस्टीममध्ये परत शिरतो आणि आपणच धरलेल्या लॉकसाठी आपणच थांबून राहतो. दोन फंक्शनांचे एक करताना हे दोन वेगळे फ्लॅग एकात मिसळले, तर त्यातल्या एका बोलावणाऱ्यावर अन्याय होतो. फ्लॅग पॅरामीटर म्हणून बाहेरून यावा, अशी सूचना इथे जवळजवळ नेहमीच योग्य ठरते.

त्याहून दुर्लक्षित भाग म्हणजे अपयशाच्या वाटा. लहान मागणी आणि ‘जीएफपी_कर्नल’ असेल तर लिनक्स ती सहसा नाकारतच नाही. त्यामुळे मेमरी न मिळाल्यास काय करायचे, हा कोड प्रत्यक्षात जवळपास कधीच चालत नाही आणि त्याची परीक्षाही होत नाही. सी भाषेतल्या कर्नलमध्ये तो ‘गोटू’च्या पायऱ्यांनी लिहिलेला असतो : घेतलेल्या वस्तू उलट्या क्रमाने परत करायच्या. पुनर्रचनेत घेण्याचा क्रम बदलला आणि परत करण्याचा तसाच राहिला, तर चूक वर्षानुवर्षे झोपून राहते. नवा पत्त्याचा भाग जोडणारे ‘एममॅप_रीजन’ हे फंक्शन अशाच गुंत्याचे होते. अर्धे काम झाल्यावर अडचण आली तर झालेले मागे घेणे इतके किचकट, की त्यातच दोष राहिले होते. २०२४ मध्ये त्याची मांडणी बदलून, जे फसू शकते ते आधी आणि जे मागे घेणे अवघड ते शेवटी, असा क्रम लावला गेला. पुनर्रचना हीच दुरुस्ती ठरल्याचे हे चांगले उदाहरण आहे. अशा कोडसाठी रिव्ह्यूअरने फॉल्ट इंजेक्शन लावून, म्हणजे मागण्या मुद्दाम नाकारायला लावून, प्रत्येक पायरी एकदा तरी चालवून पाहावी किंवा लेखकाने ती चालवली आहे का हे विचारावे.

नुसत्या हलवाहलवीचा पॅच तपासणे यामानाने सोपे आहे, फक्त त्यात दुसरे काही मिसळलेले नसावे. फंक्शन एका फाइलमधून दुसरीत नेले असेल तर गिटला हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायला सांगावे. ज्या ओळी त्या रंगात येत नाहीत त्या वाचाव्यात. हलवता हलवता एक अट सुधारलेली आढळली, तर सुधारणा बरोबर असली तरी पॅच परत पाठवावा आणि दोन भाग करायला सांगावेत. यात हटवादीपणा नाही. पुढे काही बिघडले आणि बायसेक्ट करत कोणी या पॅचपर्यंत पोचले, तर नऊशे ओळींच्या ढिगाऱ्यात ती एक अट शोधण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. नावेच बदलली असतील तर आधीचा आणि नंतरचा कर्नल बांधून तयार झालेला मशीन कोड ताडून पाहता येतो. तो सारखा निघाला तर वाद मिटला. मात्र ‘वॉर्न_ऑन’सारख्या तपासण्या ओळीचा क्रमांकही साठवतात, म्हणून ओळी वरखाली झाल्या की तेवढा फरक दिसतो आणि नवखा माणूस त्याने उगाच दचकतो.

यांत्रिक बदल यंत्रानेच करवून घेणे उत्तम. प्रोसेसच्या नकाशाचा जुना सेमाफोर जागोजागी थेट वापरला जात असे, ५.८ मध्ये त्या साऱ्या जागी ‘एममॅप_रीड_लॉक’सारखी फंक्शने आली आणि त्यातला मोठा भाग कॉक्सिनेल या साधनाने केला गेला. असा पॅच आला तर रिव्ह्यूअरने बदलाचा नियम वाचावा, तो स्वतः चालवून तोच निकाल येतो हे पाहावे आणि हाताने केलेल्या उरलेल्या ओळींवर सारा वेळ घालवावा. बाकीची यंत्रेही मदतीला असतात. लॉकच्या उलट्या क्रमाला लॉकडेप पकडतो, मोकळी मेमरी वापरली तर केसॅन ओरडतो, सिझबॉट रात्रंदिवस विचित्र सिस्टीम कॉल फेकत असतो, आणि वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर कर्नल बांधून पाहणारे रोबो काही तासांत कळवतात. ही साधने नसती तर फोलिओसारखे काम हाती घेण्याचे धाडस कोणी केले नसते. पण ती जे प्रत्यक्ष चालले तेच पाहतात. जी वाट कोणी चाललेच नाही तिच्याबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसते.

एक किंमत पॅचमध्ये कुठेच दिसत नाही. जुन्या शाखा अनेक वर्षे सांभाळल्या जातात. नव्या रचनेवर लिहिलेली सुरक्षेची दुरुस्ती जुन्या शाखेवर बसत नाही. कोणाला तरी ती जुन्या मांडणीत हाताने पुन्हा लिहावी लागते, आणि असे पुनर्लेखन नव्या चुकांना आमंत्रण असते. शिवाय कोड हलला की प्रत्येक ओळीमागचा इतिहास एक पाऊल दूर जातो. हा खर्च फोलिओने फेडला, मेपल ट्रीनेही फेडला असे म्हणता येईल. पॅरामीटरांचा क्रम आवडला नाही म्हणून केलेली पुनर्रचना तो फेडत नाही. ‘कोड बरोबर आहे, तरी हा बदल घेऊ नये’ हे मत देण्याचा रिव्ह्यूअरला अधिकार आहे, आणि कोणाच्या तरी अनेक आठवड्यांच्या कष्टांना नकार द्यायचा असल्याने ते मत लवकर द्यावे, सातव्या आवृत्तीला नव्हे.

रिव्ह्यू संपला की कमिटच्या मजकुरात आपले नाव ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून जाते. कर्नलच्या नियमांप्रमाणे त्याचा अर्थ नेमका आहे : तांत्रिक तपासणी केली, कळवलेल्या शंकांची उत्तरे समाधानकारक मिळाली, आणि माहितीप्रमाणे या बदलात तो थांबवण्याजोगी उणीव नाही. बदल निर्दोष असल्याची हमी त्यात नाही. ‘अ‍ॅक्ड-बाय’ याहून हलके. दिशा मान्य आहे, एवढेच ते सांगते. वीस पॅचपैकी बारा समजले असतील तर बारांवरच नाव द्यावे आणि उरलेल्या आठांत काय तपासता आले नाही ते स्पष्ट लिहावे. असा अर्धा पण खरा रिव्ह्यू मेंटेनरला फार उपयोगी पडतो, कारण आठ पॅचसाठी दुसरा माणूस शोधायचा आहे हे त्याला कळते. नव्या आवृत्तीत आधीच्या आणि आताच्या मालिकेतला फरक गिट दाखवू शकतो. आपल्या सूचनेने झालेला बदल तेवढा पाहून थांबू नये. त्या बदलाने शेजारच्या पॅचमधले गृहीतक मोडले का, हेही पाहावे.

मंजूर मालिका आधी एमएमच्या अस्थिर शाखेत राहते, मग स्थिर शाखेत जाते आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत मुख्य कर्नलमध्ये मिळते. दरम्यान तक्रार आली तर ती लेखकाबरोबर रिव्ह्यूअरकडेही येते. दुरुस्तीच्या पॅचवर मूळ कमिटचा क्रमांक ‘फिक्सेस’ या ओळीत लिहिला जातो, म्हणजे कोणत्या जुन्या शाखांना ती लागेल ते ठरवता येते. मूळ मालिका तपासणाऱ्याने ही दुरुस्तीही वाचावी. ज्या गैरसमजातून ती एक ओळ चुकली, तोच गैरसमज त्याच मालिकेतल्या इतर ओळींतही उतरलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्या ओळी कुठे आहेत हे लेखकाखालोखाल त्यालाच ठाऊक असते.